शय्यादानातला फोन

रत्नमान श्रेष्ठाचं वाटोळं कशानं झालं असं कुणी विचारलं तर मी सांगते, तोंडानं. माणसानं हातानं काम करावं, पैसे घ्यावेत आणि गप बसावं. हा मेला काम थोडं करायचा आणि सल्ले पोतंभर द्यायचा, तेही फुकट. मी तुलसा. नेपाळात पोखऱ्याला, लेकसाइडच्या मागच्या गल्लीत माझं चहाचं आणि सेल रोटीचं, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या कड्यांचं, दुकान. त्याच्या दुकानाची भिंत आणि माझी भिंत एकच, त्यामुळे कढईत सेल सोडता सोडता त्याचं सगळं प्रवचन माझ्या कानांवर पडायचं.

तो तानसेन गावाहून आला तेव्हा इथं निम्मा दिवस वीज नसायची. एक कॉम्प्युटर, एक ट्रकची बॅटरी आणि पायांत चपला, एवढंच घेऊन आला होता. डोंगरावरून उतरलेले गोरे त्याच्याकडे कॅमेऱ्यातले फोटो सीडीवर भरून घ्यायला यायचे. हा एकाच्या दोन सीड्या करायचा आणि दुसरीचे पैसे घ्यायचा नाही. "एक पिशवीत ठेवा, दुसरी आजच पोस्टानं घरी धाडा. पिशवी नदीत गेली तर?" मी म्हणायचे, "अरे, सीडी काय झाडाला लागते?" तर म्हणे, "दिदी, त्यांच्या आईला फोटो दिसायला नकोत का?"

पुढे सीड्या गेल्या, मोबाइल आले, पण ह्याचं तोंड तेच. सिमकार्ड घ्यायला आलेल्या पोरीला सांगायचा, वर चढायच्या आधी नकाशा फोनमध्ये उतरवून घे, घोरेपानीला जाऊन नेट शोधत बसू नकोस. रात्री फोन उशाला ठेवू नकोस, पोटाशी घेऊन झोप, थंडीनं बॅटरी मरते. पासपोर्टचा फोटो स्वतःलाच मेल करून ठेव. आणि संडासात जाताना फोन मागच्या खिशात ठेवू नकोस, पडला तर मी काढायला येणार नाही. पोरगी हसत हसत निघून जायची. सिमकार्डात सुटून सुटून किती सुटतं?

गल्लीतल्या लॉजवाल्यांना तर तो घरी जाऊन शिकवायचा. एकानं वायफायचा पासवर्ड भिंतीवर रंगानं रंगवलेला, आणि बँकेचाही तोच ठेवलेला. रत्नमान तिथं कपाळावर हात मारून ओरडला, तर मालक म्हणतो, "लक्षात राहतो ना भाइ!" आमच्या बाजारात फोनची काच बदलली तर लोक पैसे देतात आणि अक्कल दिली तर चहा पाजतात. तो चहाही माझ्याच दुकानातला, आणि पुष्कळदा मलाच सोडून द्यावा लागलेला.

ह्या शिकवणीचा सगळ्यात जास्त मारा व्हायचा तो दधिराम बरालवर. आमच्यासमोरच त्याचा लॉज. मोजक्या खोल्या, मागे संत्र्याची दोन झाडं आणि स्वयंपाकघरात त्याची बायको बिष्णुमाया. तिच्या हातचा डाळभात खाऊन गेलेली माणसं आपापल्या देशांत जाऊन इंटरनेटवर तिचं कौतुक लिहायची. त्या कौतुकावर नवी माणसं यायची. मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या हॉटेलांत खोल्या रिकाम्या असताना ह्यांच्याकडे जागा नसायची. म्हणजे घर चालायचं ते त्या नावावर. आणि ते सगळं नाव, सगळी बुकिंगं, दधिरामच्या एका फोनमध्ये. बुकिंगचं खातं उघडायचं तर दर वेळी लागणारे सहा गुप्त आकडे त्याच फोनवर यायचे. त्या फोनला कुलूपसुद्धा नव्हतं, बोट फिरवलं की उघडला.

"दाइ, भाउजूचा नंबर दुसरा म्हणून टाकून ठेवा," रत्नमान त्याला सारखं सांगायचा. भाउजू म्हणजे वहिनी, बिष्णुमाया. "दोन मिनिटांचं काम आहे. आणा इकडे, मीच टाकतो."

"का रे? मी मरणार आहे का?" दधिराम डोळे मिचकावायचा. "मला मारून तुला माझी संत्री खायची आहेत, दुसरं काय!"

आणि दसैंच्या, म्हणजे आमच्या दसऱ्याच्या तोंडावर, ऐन हंगामात, छातीत कळ येऊन तो गेला.

मूल एकच, शाळेत जाणारी मुलगी. म्हणून क्रियेला थोरल्या भावाचा मुलगा बसला. थोरला म्हणजे लोकनाथ, बिष्णुमायाचा जेठाजू. मोठ्या रस्त्यावरचं एक काचेचं हॉटेल त्याचं, ह्या गल्लीतली दुकानं त्याची, माझं आणि रत्नमानचं दुकानही त्याच्याच जागेत. दधिरामचा लॉजही वडिलांच्या जागेवर उभा, आणि भावांची वाटणी अजून झालेली नव्हती. असा माणूस बोलायला लागला की बाकीच्यांच्या माना आपोआप हलतात.

तेराव्याला अंगणात शय्यादान मांडलं. पलंग, गादी, छत्री, जोडे, भांडी, मेलेल्याला तिकडे जे जे लागेल ते पंडितबाजेंना द्यायचं. तेवढ्यात लोकनाथ म्हणाला, "आणि फोन? दधिरामचा जीव फोनमध्ये होता. तो ठेवून घेतलात तर माझा भाऊ वाटेत थांबून मागे बघत राहील." बायका डोळे पुसायला लागल्या. बिष्णुमाया पांढऱ्या साडीत, डोक्यावरून पदर घेऊन आत गेली, उशीखालचा फोन काढून आणला आणि स्वतःच्या हातानं त्या गादीवर ठेवला. रत्नमान त्या दिवशी बेनी गावी कुणाचा तरी कॅमेरा बसवायला गेला होता. इथं असता तर त्यानं मंत्र थांबवले असते, पण नव्हता.

चार दिवसांत दारात माणसं उभी राहायला लागली. बुकिंग केलेली, पाठीवर ओझी घेतलेली. बिष्णुमायाला ना त्यांची नावं माहीत, ना कोणती खोली. एका खोलीवर दोन-दोन जोडपी आली. ती कॉम्प्युटरसमोर बसायची, खातं उघडायला जायची, तर ते मागायचं आकडे. आकडे जायचे दान दिलेल्या फोनवर. परत फिरलेल्या लोकांनी चिडून वाईट लिहायला सुरुवात केली.

"फोन दानात दिला?" रत्नमान माझ्या बाकावर मटकन बसला. "भाउजू, अख्खा लॉज दान दिलात तुम्ही!"

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "जोडे दिले, तसा फोन दिला."

"मग आत्ताच्या आत्ता पंडितबाजेंकडे जा. फक्त आतलं सिमकार्ड मागा. फोन ठेवू दे त्यांना."

ती बिचारी आधी जेठाजूला विचारायला गेली. आमच्याकडे असंच असतं, विधवेनं उंबरा ओलांडायचा तरी आधी विचारायचं. लोकनाथ तिच्यावर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "दिलेलं दान परत मागतेस? मेलेल्या नवऱ्याच्या तोंडातला घास काढतेस?" ती खाली मान घालून परत आली आणि तो विषय तिनं बंद केला. मग रत्नमाननं दुसरी वाट धरली. तोच नंबर तिच्या नावावर करून घ्यायचा. त्यासाठी वडाचं, म्हणजे इथल्या पालिकेचं पत्र हवं, आणि पत्रासाठी घरातल्या थोरल्याची सही हवी. लोकनाथ म्हणाला, "आधी बरखी होऊ दे. वर्ष पाळायचं का सह्या करत हिंडायचं?" हंगाम वर्षभर थांबतो का कुणासाठी? पण बोलणार कोण!

आणि मग एका दुपारी लोकनाथ स्वतः रत्नमानच्या दुकानात आला. मी सेलचं पीठ सोडून कान भिंतीला लावला, खोटं कशाला बोलू?

"हे बघ," तो म्हणाला. "ह्यात लॉजचं खातं आहे. त्याचा पत्ता बदलून माझ्या हॉटेलचा टाक. नंबर माझा टाक. फोटो आणि लोकांनी लिहिलेलं आहे तसंच राहू दे."

मग रत्नमानचा आवाज आला. "दाइ, हा तर दधिरामदाइंचा फोन. ह्याची कोपऱ्यातली काच मीच बसवलीय."

"मग? पंडितबाजेंना दक्षिणा देऊन सोडवून घेतला. दान दानाच्या जागी पोचलं, फोन घरातल्या घरात राहिला. तुला काय करायचंय? काम येतं ना तुला?"

मी त्याच्या दुकानाच्या दारात आले. रत्नमाननं वर पाहिलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि फोन हातात घेतला. जन्मभर ज्याची जीभ थांबली नाही तो माणूस त्या दिवशी एक अक्षर न बोलता काम करत होता. लोकनाथनं माझ्याकडून चहा मागवला, तोही त्यानं आरामात प्यायला. काम झालं तेव्हा रत्नमान म्हणाला, "झालं दाइ. उद्या सकाळपर्यंत दिसेल." पैसे घेतले नाहीत.

लोकनाथ गेल्यावर रत्नमान तडक बिष्णुमायाकडे गेला. मीही दूध द्यायचं निमित्त काढून मागोमाग. त्यानं खात्यात तिचा नंबर घातला होता, जुना काढून टाकला होता आणि दधिरामचा फोन खात्यातून बाहेर केला होता. आता आकडे तिच्याच फोनवर येणार. तिनं खातं उघडलं, आणि अंगणात जेवणारी माणसं, संत्र्याची झाडं, ताट घेऊन हसत उभी असलेली ती, सगळे फोटो दिसले. ती रडायला लागली.

"आता ऐका," रत्नमान म्हणाला. "फोनवर आकडे आले तर कुणालाही सांगायचे नाहीत. मी मागितले तरी नाही. देव आला तरी नाही."

"नाही सांगणार," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन ताज्या सेल तळल्या आणि त्याला आणून दिल्या.

दुसऱ्या दिवशी खातं उघडेना म्हणून लोकनाथ आला. आधी त्यानं रत्नमानचं दुकान खाली करायला सांगितलं, महिना संपायची वाट न बघता. "मेलेल्याच्या वस्तूला हात घालणारा माणूस मला माझ्या जागेत नको," म्हणाला. बघा, कोण म्हणतंय ते! मग तो लॉजच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मी काम सोडून तिथं गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी.

तो ओरडला नाही. आमच्यात जेठाजूनं धाकट्या भावाच्या बायकोजवळ जायचं नसतं, म्हणून तो अंगणात आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड. "बुहारी," तो म्हणाला, "वाटणीचे कागद तयार आहेत. तुझा आणि मुलीचा हिस्सा मी देणार आहे. नाही दिला तर कोर्टात भांड, तुझी पोर म्हातारी होईल तोवर निकाल लागेल. आता माझ्या मुलानं खातं उघडायला आकडे मागितलेत. तुझ्या फोनवर आले असतील. सांग."

"सांगू नकोस!" मी म्हणाले. "बिष्णुमाया, सांगू नकोस गं!"

"तुलसा, तुझं दुकानही माझ्याच जागेत आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

दाराआडून तिचा आवाज आला. एकेक आकडा, शाळेतल्या पोरीसारखा, स्पष्ट. ती सहाच्या सहा आकडे बोलली. मीही पुढे काही बोलले नाही.

संध्याकाळी रत्नमान सामान बांधत होता तेव्हा ती आली. "रागावू नकोस भाइ," म्हणाली. "देव आला असता तर सांगितले नसते. देव काय घराबाहेर काढतो?" त्यानं मान हलवली, वायरी गुंडाळत राहिला.

खात्यावर लोकनाथच्या हॉटेलचा पत्ता चढला आणि तिला हिस्सा मिळाला. कागदावर. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. रत्नमान बसथांब्याजवळ पत्र्याच्या टपरीत गेला. फोनच्या काचा बदलतो, पैसे घेतो, गप बसतो. पूर्वीची माणसं काही विचारायला गेली तर म्हणतो, "मला नाही माहीत." मला वाटायचं, चला, सुधारला एकदाचा. आणि मग घरी येऊन मला जेवण जायचं नाही.

परवा तो माझ्याकडे चहाला आला होता. तेवढ्यात गल्लीत एक म्हातारं गोरं जोडपं आलं, हातात फोन. पूर्वी कधीतरी येऊन राहिलेलं. बाईनं रत्नमानला ओळखलं, "तुम्हीच आम्हाला दोन सीड्या दिल्या होत्यात!" म्हणाली. फोनवर लॉजचं नाव होतं, फोटो होते, पण नकाशा मोठ्या रस्त्याकडे न्यायला बघत होता. रत्नमान उठला. मला वाटलं, आता बोलेल. तो त्यांना समोरच्या अंगणात घेऊन गेला. बिष्णुमाया चुलीवरून उठून बाहेर आली. हिस्सा कागदावर आल्यापासून तिला बोलायची चोरी होती, त्या कागदावर अजून शेवटचा शिक्का बसायचा होता.

म्हातारीनं फोन तिच्यापुढे धरला. त्यात ताट घेऊन हसणारी बिष्णुमाया. "ही तूच ना?"

बिष्णुमायानं फोटो नीट पाहिला. मग रस्त्यावरून लोकनाथच्या हॉटेलचा कुणी येतंय का, ते पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "ही बाई इथं राहत नाही."

जोडपं गोंधळून रत्नमानकडे वळलं. त्यानं त्यांचा फोन हातात घेतला, नकाशा सरळ करून दिला. "नकाशा दाखवतोय तिकडेच जा," तो म्हणाला. "बरोबर आहे तो." आणि त्यांची पिशवी उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवायलाही गेला.