जाग्या पोरीचा दुप्पट वाटा

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आता डोळे साथ देत नाहीत. ओळी खाली उतरतील, अक्षरं एकमेकांवर चढतील. चुकलंमाकलं माफ करा असं लिहिते खरी, पण हे कोणी वाचणार नाही. तोंडाने बोलता आलं नाही म्हणून लिहिते आहे.

माझी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ अक्का, गेल्या महिन्यात वारली. तेराव्याला माणसं जेवायला बसली होती आणि एकेक जण सांगत होता की अक्कांनी गल्लीतली सगळी पोरं वाढवली, असं प्रेमळ माणूस पुन्हा होणे नाही. मी वाढत होते. एका पाहुण्याने मला विचारलं, "तुमची मुलगीसुद्धा त्यांच्याच हातची ना?"

मी म्हटलं, "भात घ्या."

रात्रभर त्या दोन शब्दांची मला चीड आली. म्हणून आता सगळं लिहिते.

आम्ही दोंडाईच्याला राहत होतो. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. माझे यजमान कापसाच्या जिनमध्ये हमाली करत. त्यांचे मोठे भाऊ आणि अक्का शेजारीच, पण चूल वेगळी. दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की गल्लीतल्या बाया वेचणीला जात. मजुरी रोख नसे. वेचलेल्या कापसातला वाटा मिळे, तो दुकानदाराला घालून आम्ही मीठ-मिरची भागवायचो. अक्कांचा एक पाय लहानपणापासून अधू होता, वाकून वेचणं त्यांना जमत नसे. म्हणून लहान पोरं त्यांच्याकडे ठेवायची आणि संध्याकाळी आपल्या वाट्यातला मूठभर कापूस त्यांना द्यायचा, अशी गल्लीची रीत पडली होती.

अक्कांकडे पोरं रडत नसत. पंधरा-वीस पोरं ओसरीवर ओळीने झोपलेली असायची, आणि येणारी-जाणारी बाई कौतुक करायची की काय शहाणी पोरं आहेत. का झोपतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी प्रत्येकाला अफूची गोळी मिळे, मोहरीएवढी. बाळगोळी म्हणत. आयांची हरकत नव्हती, त्यांच्या सासवांनीही तेच केलं होतं.

माझी होती. साक्रीकडे माझ्या माहेरी भावाचा मुलगा अशीच गोळी खाऊन झोपला, तो उठला नाही. मुलगी दीड वर्षाची झाली, मला वेचणीला जाणं भाग पडलं, तेव्हा मी अक्कांचे पाय धरले. म्हटलं, माझ्या पोरीला गोळी देऊ नका.

त्या हसल्या. "धाकले, जागं पोर म्हणजे दिवसभर मागे पळणं. माझा पाय बघ. दुप्पट वाटा देशील का?"

मी हो म्हटलं. त्यांनी सप्तशृंगीची शपथ घेतली. दोन हंगाम मी दुप्पट वाटा दिला. इतर बाया मला हसत. "हिची पोरगी कलेक्टर होणार शे, म्हणून जागी ठेवस!"

मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलेना. माय म्हणायची, पाणी म्हणायची, पुढे काही नाही. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी घरी आणली की मान टाकायची. अक्का म्हणायच्या, दिवसभर खेळून दमते. मी विश्वास ठेवला. हंगाम संपला की ती जरा टवटवीत व्हायची, आणि मी ते उन्हाळ्याच्या विश्रांतीवर घालायची.

त्या पावसाळ्यात राममंदिराच्या ओसरीवर बालवाडी निघाली. धुळ्याहून आलेल्या एक विधवा बाई ती चालवत. लाकडी ठोकळे, चिंधीच्या बाहुल्या, मातीची भांडी, एवढंच सामान. मुलं नुसती खेळतात, याला काय शाळा म्हणायचं, असं मोठे भाऊ म्हणाले. मी तरी मुलीला नेऊन बसवलं. महिन्या-दोन महिन्यांत ती रंग ओळखू लागली, ठोकळ्यांचा मनोरा करू लागली. बोलत मात्र नव्हती.

एक दिवस बाईंनी मला बोलावलं. "तिकडे बघा. मध्ये बोलू नका."

माझी मुलगी एक पाय लांब पसरून बसली होती. मांडीवर बाहुली. तिने चिमटीत ओला चिखल घेतला, बोटांनी वळून गोळी केली, बाहुलीच्या तोंडाला लावली आणि तिचं तोंड तळहाताने दाबून धरलं. मग दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "गिय. मायले सांगू नको."

गिळ, आईला सांगू नको. माझ्या मुलीचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

मी घरी आले. रडले नाही. बाई म्हणाल्या होत्या की पोरगी हुशार आहे, पण पुढचा हंगामही झोपेत गेला तर मग काही सांगता येणार नाही. दिवाळी तोंडावर आली होती. वेचणीला गेले नाही तर मीठ-मिरची बंद, गेले तर पोरगी कोणाकडे ठेवू? आणि एवढा सगळा कापूस, पोरीला जागं ठेवण्याचा, त्या अक्काच्या पोटात गेला होता. मी ठरवलं, तो तिच्या पोटातून काढायचा, चार बायांसमोर काढायचा.

अक्कांशी मी पूर्वीपेक्षा गोड वागू लागले. बालवाडीत गुलाबाई, म्हणजे भोंडल्यासारखी आमच्याकडची गाण्यांची देवी, बसवली होती. शेवटच्या दिवशी गाणी व्हायची, खाऊ ओळखायचा खेळ व्हायचा, आणि आयांना मुलांचा खेळ दाखवायचा असं बाईंनी ठरवलं. मी अक्कांना म्हटलं, "तुम्ही पोरं सांभाळणाऱ्या. तुम्हाला पुढे बसवणार आहेत." त्या नवी साडी नेसून आल्या. मी स्वतः हात धरून त्यांना पुढे बसवलं.

गाणी झाली. एका मुलीने डबा वाजवला, बाया खाऊ ओळखू लागल्या, शेंगदाणे, फुटाणे, अक्का सर्वांत मोठ्याने. मग बाईंनी बाहुल्या मांडल्या. मी मुलीच्या हातात बाहुली दिली, एका वाटीत ओला चिखल ठेवला आणि बाजूला झाले.

तिने पाय लांब केला. बाया खो-खो हसल्या. "अवो अक्का, बठ्ठी तुमच्यासारखी बसनी!" अक्काही हसल्या. मुलीने गोळी वळली. हसू कमी झालं. तिने बाहुलीचं तोंड दाबलं, दाराकडे पाहिलं आणि ते वाक्य बोलली.



अक्का म्हणाल्या, "त्यात काय? बठ्ठ्या बाया देतस, सगळ्याच."

मी चार बायांत कधी बोलले नव्हते. "देतात. पण दुप्पट वाटा घेऊन, देवीची शपथ घेऊन नाही देत. माझा दोन हंगामांचा वाटा परत द्या. रोख."

"घरातलं माणूस मागस का असं?"

"मागते."

मला हसणाऱ्या त्याच बाया आता अक्कांकडे वळल्या. एक म्हणाली, शपथ मोडली, उद्या आमच्या पोरांना मोहरीएवढी दिली की हरभऱ्याएवढी, कोणास ठाऊक. दुसरीने तिथेच सांगितलं, माझं पोर उद्यापासून येणार नाही. अक्का घरी निघाल्या तेव्हा कोणी त्यांचा हात धरला नाही. मीही धरला नाही. त्या भिंतीला धरून गेल्या आणि मी शेवटपर्यंत पाहत उभी राहिले. मला बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं.

त्या हंगामात मी वेचणीला गेले नाही. पोरीला रोज सकाळी बालवाडीत नेलं आणि दुपारी घरी जागी ठेवली. ती माझ्या मागे मागे बडबडत फिरायची. हे काय, ते काय, कशाला. कधी कधी डोकं उठायचं, पण मी एकदाही गप्प बस म्हटलं नाही. मीठ-मिरची भागली ती अक्कांच्या पैशावर. त्या थोडे थोडे देत. निम्मे झाल्यावर मोठे भाऊ आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "धाकले, आता सोडून दे. तिच्याकडे कोणी पोर ठेवत नाही. खायचे वांधे झाले."

मी पदर पुढे ओढला आणि आतूनच म्हटलं, "भाऊ, उरलेले कधी?"

यजमानही म्हणाले, पुरे कर. मी त्यांचं ऐकलं नाही, तेवढं एकदाच.

होळीच्या आधी अक्कांनी शेळी विकली. स्वतः लंगडत आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी आत या म्हटलं नाही. त्यांनी पैसे उंबऱ्यावर ठेवले. मी त्यांच्यासमोर खाली बसून मोजले. पुरे होते.