देवाला सांगितलेलं गुपित

लातूर उस्मानाबादपासून वेगळं निघून नवा जिल्हा झालं, त्या सुमाराला तिथल्या गोठ्यांत जितकी संकरित वासरं जन्मली, त्या सगळ्यांचे आजोबा म्हणून आमच्या घरमालकांचं, काकांचं, नाव लावलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. काका गुरांच्या दवाखान्यात होते आणि कृत्रिम रेतन हे त्यांचं काम. पण ते त्याला काम म्हणत नसत, सेवा म्हणत. वळूचं बीज बर्फाच्या थर्मासात घालून रोज सकाळी ते एस.टी.नं मुरुडच्या बाजूला निघत आणि थर्मास शेजारच्या शिटावर बसवत. कंडक्टरनं एकदा विचारलं, "काका, ह्याचं तिकीट?" काका म्हणाले, "अर्धं फाड. पण उठवू नको, आत लई मोठं खानदान बसलंय." रेतनाआधी ते टोपी काढून डोळे मिटत आणि गाईच्या कानाशी येशूचं नाव घेत. एका पाटलांनी कुरकुर केली, "आमची गाय हिंदू हाय." काका शांतपणे म्हणाले, "पण वळू विलायतेचा हाय, पाटील. त्याला मराठी बी येत न्हाई. कुणीतरी वळख करून द्याया नको का?" झालेल्या प्रत्येक वासराला ते बघायला जात, आणि शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, नाव ठेवून येत. शास्त्रातली नावं संपत आली तेव्हा त्यांनी भाडेकरूंची वापरली. माझ्या नावाचा एक गोऱ्हा चाकूरकडं होता, आणि तो माझ्यापेक्षा धीट निघाल्याचं काका कौतुकानं सांगत.

मी सहावीतून शाळा सोडलेला गवंडी. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधायच्या निघाल्या म्हणून बायकोला, मंगलला, घेऊन खानदेशातून इतक्या लांब आलो. त्यात दुष्काळ. टँकर तिसऱ्या दिवशी येई, पाण्याअभावी बांधकामं अडत, आणि परमुलखातल्या जोडप्याला खोली देऊन वर कोण पाण्यात वाटेकरी करून घेणार? काकांनी घेतलं. त्या उपकाराचं ओझं मला त्यांच्यासमोर कधी नीट बसू देत नसे.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना तपासलं, आणि दोष माझ्यात निघाला. बाई म्हणाल्या, ज्याचं नाव कळणार नाही अशा पुरुषाचं बीज वापरून मंगलला मूल होऊ शकेल, दोघांची सही लागेल. ह्या विषयातलं कळणारा माझ्या ओळखीत एकच माणूस होता. मी काकांना सगळं सांगितलं आणि हात जोडले, कुणाला बोलू नका. काकांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

तो त्यांनी पाळलाही. माणसाला सांगितलं नाही. फक्त बुधवारी त्यांच्या ओसरीवर चर्चच्या मंडळीची प्रार्थनासभा भरे, तिथं त्यांनी डोळे मिटून, खणखणीत आवाजात देवाला सांगितलं. "हे स्वर्गीय बापा, आमच्या खोलीतल्या गवंडीभावाच्या तपासणीत बीजच निघालं न्हाई, हे तुला ठाव हाय. नांदेडची डॉक्टरीण दुसऱ्याचं बीज घ्या म्हणती. आता तूच वाट दाखीव." भिंतीपलीकडं मी भुईत गडप व्हायची वाट बघत होतो. 'आमेन' होईस्तोवर माझा रिपोर्ट सगळ्या मंडळीला पाठ झाला होता. मी जाब विचारला तर काका खरोखरच चकित झाले. "मी मानसाला सांगितलं का? आन् देवापासून लपवायचं, तर मागायचं कसं?"

मग गल्लीला दुसरा विषय उरला नाही. चर्चचे पाळकसाहेब काकांना बरोबर घेऊन आमच्या दारी आले. माणूस प्रेमळ, पण बोलण्यात पक्का. "शास्त्रात सारेला मूल होईना, तर तिनं धीर सोडला आणि दासी हागारेला नवऱ्याच्या नि आपल्या मधे आणलं," ते म्हणाले. "नवराबायकोच्या मधे तिसरा आला की दुःख येतं. मूल हे देवाचं देणं आहे, आपला हक्क नाही." समोरच्या खोलीत कलेक्टर कचेरीतले एक कारकून राहत; बौद्ध घरातले, देव न मानणारे. ते ओट्यावरूनच म्हणाले, "दोघं राजी, कुणाचं नुकसान न्हाई, मग पाप कुठून आणलं साहेब? माझी शंका एकच. लेकराला पुढं खरं सांगणार का? लपवलं तर मात्र ती चूक."

"एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूचा," पाळकसाहेब म्हणाले.

कारकून काकांकडं वळले. "काका, तुम्ही तर रोज हेच करून राहिले. तुम्ही का गप?"

काकांना ते लागलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "गाईला मी इचारत न्हाई," ते म्हणाले, "कारण ती सांगू शकत न्हाई. हितं तसं हाय का?" आणि दारात उभ्या असलेल्या मंगलला म्हणाले, "पोरी, तू बोल. हितं बोलणाऱ्यात एकाला बी कूस न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तपासणी झाल्यापासून दोन महिन्यांत मीसुद्धा तिला विचारलं नव्हतं. मी फक्त माझी लाज सांभाळत होतो.

"मला मूल पाहिजे," मंगल म्हणाली. "मोठं झालं की मी त्याला सगळं सांगेन. पण कुणाचं असं कुणी विचारलं, तर माझं म्हणेन."

पाळकसाहेबांचं मत बदललं नाही; तरी जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि नांदेडला चार वेळा गेलो. चारही वेळा काका रजा काढून बरोबर आले, चर्चचा काळा कोट घालून दवाखान्याच्या बाकावर बसले. पहिल्याच खेपेला त्यांनी बाईंना विचारलं, "तुमच्यात बर्फ वापरत्यात का दुसरं काय?" त्यानंतर बाईंनी त्यांना बाहेरच बसवलं. चारही वेळा काही झालं नाही. पाचव्यांदा जायचं मंगलनं नाकारलं.

काका मात्र दर बुधवारी मागत राहिले. मग एका दुपारी ते आमच्या दाराशी आले, टोपी हातात घेतली. आत आले नाहीत.

"मंगल, त्याच्याकडं अजून मागू का, का थांबू?"

ती तांदूळ निवडत होती. सुपावरचा हात न थांबवता म्हणाली, "थांबा काका. तुम्ही पुष्कळ मागितलंत."

त्या बुधवारी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज नेहमीसारखाच येत होता. एकाच्या काविळीसाठी मागून झालं, एकीच्या नोकरीसाठी झालं. मग आमच्यासाठी मागायची जागा आली. तिथं ते गप्प झाले, इतके की कुणीतरी खाकरलं. मंगलनं हातातलं काम ठेवलं.

मग काकांनी घसा साफ केला, आणि पाऊस मागितला.