सुमनचा माज

“नाव पुकारत हुते, तरी जागचा हलला न्हाय. माजानं मेला छक्का!”

सुमनच्या मृत्यूची ही हकिगत लासुर्ण्याच्या चौकात बाजीराव सांगतो आणि चार शहाणी माणसे माना डोलावतात. बाजीराव त्या दिवशी तिथे नव्हता. मी होतो. बारामतीच्या त्या खासगी रुग्णालयात तिला मीच नेले होते.

सुमन आठवडी बाजारात मासळी विकत असे. कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर कमरेला खोचलेला. टवाळांना तिचे एकच उत्तर असे, “भाव मासळीचा इचार, बाबा. माझा तुला परवडायचा न्हाय.” मी तिला शाळेत शिकवलेले, म्हणून मला ताकीद मिळे, “गुरुजी, काटं बघून खावा. तुमी बोलत बोलत जेवता.”

आईबापांनी ठेवलेले मुलाचे नाव तिने टाकले होते. ते मी इथे लिहिणार नाही. त्या नावाला ती ओ देत नसे, एवढे बाजीरावाचे खरे. वडिलांच्या दहाव्याचे सांगायला थोरला भाऊ भर बाजारात आला आणि तेच नाव घेऊन ओरडला. ती खवले काढत राहिली. “दादा, सुमनला बोलीव. उठून पळत यील ती.” भाऊ पुन्हा तेच नाव ओरडला आणि निघून गेला. ती दहाव्याला गेली नाही. त्या दिवशी तिच्या घरी चूलही पेटली नाही, हे मात्र चौकात कुणी सांगत नाही.

रुग्णालयात नेले तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता. ओठ निळे पडले होते. खिडकीतल्या कारकुनाला मी म्हणालो, “सुमन लिहा.”

“आधारवर हाय त्येच लिवणार, आबा.”

आणि भरल्या दालनात त्याने ते नाव पुकारले. लोक हसले. त्यानंतरचे आधी सांगतो. बायकांच्या विभागात तिला घेता येत नाही, असे परिचारिका म्हणाली. पुरुषांच्या विभागात इतर रुग्णांच्या नातेवाइकांनी गिल्ला केला. मोठे डॉक्टर आल्यावर ठरवू, तोवर दालनातल्या बाकावर बसा, असे आम्हाला सांगण्यात आले. दिवस मावळायच्या आत त्याच बाकावर तिचा जीव गेला.

यात माज कुठे बसतो, ते बाजीरावाने मला समोर येऊन सांगावे. मी तिच्या शेजारी बसलो होतो. कारकुनाने ते नाव घेतले, तेव्हा दोन्ही हात बाकावर टेकून सुमन उठली आणि पहिल्याच हाकेला तिने ओ दिली.