एक पाय पायरीवर

लातूर-नांदेड बसमध्ये माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीचे एक काका बसले होते. त्यांनी माझं डोकं उठवलं. बस कुठंही थांबली, की ते माझी बाही धरायचे. "उतरू नका सर, गाडी सोडून जाती." चाकूरला मी पाण्याची बाटली घ्यायला उठलो, तर बाही सोडेनातच. स्वतः मात्र मांडीवर मांडी घट्ट दाबून, ओठ आवळून बसलेले.

अहमदपूरला कंडक्टरनं दहा मिनिटं सांगितली. मी बाही सोडवून घेतली, सीटवर रुमाल टाकला आणि उतरलो.

"एकट्या माणसानं उतरू नाही!" ते खिडकीतून ओरडले.

चहा संपवून वळतो, तर ड्रायव्हरनं गाडी चालू केलेली. मी पळालो. काका दारात उभे होते, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. कंडक्टर बेल मारायला निघाला, की ते ओरडत होते, "आमचा एक माणूस यायचाय!"

मी चढलो. आता नांदेडपर्यंत ऐकून घ्यावं लागणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण काका खाली उतरून म्हणाले, "आता तुम्ही हितंच उभं राहा. म्हातारी होती तवा ती राहायची. लातूरपासनं लघवी दाबून बसलोय."

मी राहिलो. एक पाय पायरीवर, कंडक्टरच्या शिव्या खात. पाच मिनिटांनी काका मुतारीतून निघाले, मी जागेवर आहे हे बघितलं, आणि निवांत चहाच्या टपरीकडे वळले.