कॅप न घातलेली दाढ

सकाळपासून आभाळ दाटलं होतं. सोफे दुरुस्त करणारे काका तोंडात खिळे धरून खुर्चीवर कापड ताणत होते. त्यांच्या दाढेचं रूट कॅनल होऊन दोन महिने झाले होते. "कॅप बसवायला आठवडाभरात या," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण ठणका थांबला आणि काकांच्या लेखी उपचारही संपला. "दुखतच नाही, तर टोपी कशाला?" असं ते गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत. फोमखालचा गोंद वाळायच्या आत सोफ्यावर बसणाऱ्याची मात्र हेच काका बिनपाण्याने हजामत करत.

आज खिळ्याबरोबर दाढेचा तुकडाच हातात आला.

"वाचेल ना हो?" दवाखान्यात त्यांनी काकुळतीने विचारलं.

"आतलं सगळं मी स्वच्छ केलं होतं, काका. वर झाकण नाही, म्हणून लाळ झिरपली, दाढ उभी चिरली. आता काढावीच लागेल."

"मला वाटलं, झालं काम."

"फोम वरून कोरडा दिसला, की बसू देता का सोफ्यावर?"

दाढ काढून काका दुकानात परतले. एका गालात कापसाचा बोळा होता. त्यांनी खुर्ची पुढ्यात ओढली आणि खिळे निमूटपणे दुसऱ्या गालात धरले.