बॉनेटखालची दांडी

गाडी लाल होती. तिचं कौतुक करत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल, आणि मूळ गोष्ट टाळायची माझी जुनी खोड आहे. म्हणून एवढंच सांगतो, की त्या काळी आख्ख्या तालुक्यात असल्या छोट्या, चपळ गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यातली एक माझ्याकडे होती. वडील सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर. मी पदविका घेऊन घरी परतलेला, कारखान्याच्या जीपगाड्या आणि टँकर यांच्या देखरेखीच्या कामावर नुकताच चिकटलेला. कसा चिकटलो ते वेगळं सांगायला नको.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं. जो काही ऊस वाळता वाळता वाचला, तो जनावरांच्या छावणीत वैरण म्हणून गेला. विहिरींना तळ दिसत होता, गावोगावी टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा लागत होत्या. आणि मला काळजी कशाची, तर माझी गाडी वळणात अंग का टाकते याची. आज हे लिहिताना कानशिलं तापतात, पण होतं ते असं होतं.

येडशीकडून येरमाळ्याला जाताना रस्ता डोंगरातून वळणं घेतो. तिथं मी गाडी जरा दामटली की पुढचं अंग सैल पडायचं. स्टिअरिंग एक सांगायचं आणि चाकं दुसरंच ऐकायची. पुण्याच्या एका मित्राकडे परदेशी मासिक होतं, त्यात शर्यतीच्या गाडीचं उघडं बॉनेट दाखवलेलं. पुढच्या दोन्ही चाकांचे शॉकअप वर जिथं पत्र्याला बोल्टनं धरलेले असतात, त्या दोन जागा एका आडव्या दांडीनं एकमेकींना बांधलेल्या. पत्रा दबत नाही, चाकं जागा सोडत नाहीत, गाडी सरळ वळते. बस, माझ्या डोक्यात ती दांडी बसली. आठ दिवसांत काहीतरी निमित्त काढून मी पुण्याला गेलो.

तिथल्या दुकानात दोन-तीन नमुने होते. एक ॲल्युमिनियमची, हलकी, पण दिसायला अगदीच गरीब. एक जाड, पण तिनं एअर फिल्टरचं झाकण उघडणार नाही असं दुकानदारच म्हणाला. आणि तिसरी चांदीसारखी लखलखणारी, दोन्ही टोकांना बिजागरीसारखे सांधे असलेली. "कुठल्याही गाडीला बसते साहेब, सांधे फिरवून जमवून घ्यायची." मी तिसरी घेतली. का घेतली? चकाकत होती म्हणून. दुकानदारानं सोबत एक सोनेरी स्टिकर फुकट दिला. त्यावर इंग्रजी अक्षरात त्याच्या दुकानाचं नाव आणि खाली 'पुणे'.

घरी आल्यावर कळलं, की दांडीची भोकं गाडीच्या बोल्टांशी जुळत नाहीत. भोकं वाढवून घ्यायला म्हणून मी येरमाळ्याला हायवेवर एका वेल्डरकडे गेलो. चार पत्रे आणि वर ताडपत्री, असं त्याचं दुकान. दुष्काळात त्याला कामाची उसंत नव्हती, कारण गळणारे टँकर सगळे त्याच्याकडेच यायचे.

हा वेल्डर माझ्या शाळेतला. आठवी ते दहावी आम्ही एका वर्गात होतो. तेव्हा आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो. त्याचं घर बौद्धवाड्यात, माझं वेशीजवळ. पण शाळेच्या मैदानावर ते कुणी काढत नसे. तो आयटीआय करून आला, मी पदविका करून आलो, आणि मधल्या काळात केव्हातरी तो मला 'तुमी' म्हणायला लागला. मी त्याला 'तू'च म्हणत राहिलो. हे मला तेव्हा खटकलं नाही, यातच सगळं आलं.

त्यानं चकाकती दांडी हातात घेतली, एक टोक धरलं आणि दुसरं बोटानं हलवलं. ते सहज हललं.

"हे दोनी टोकांस्नी मोडतंय की," तो म्हणाला. "जे सोताच हालतंय ते दुसऱ्याला धरून काय ठिवणार? शोभेला ठेवा घरी."

मला राग आला. पुण्याच्या वस्तूला येरमाळ्यात नावं ठेवतो म्हणजे काय! मी म्हणालो, "मासिकात बघितलंय मी."

"मासिकात टोकं हालत हुती का?"

नव्हती हालत. तो हसला आणि म्हणाला, "गाडी ठिवून जावा दोन दिस. म्या करतो. आवडली तर बसवा, न्हाय तर भंगारात टाका."

त्या दोन दिवसांत मी तिथं जाऊन बसत असे, कारण काम करताना त्याला बघत राहावंसं वाटायचं. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यानं बोल्टांची जागा उमटवून घेतली, सुतळीनं अंतर मापलं. एका मोडक्या पेरणीयंत्राचा जाड पाईप त्याच्याकडे पडून होता. तो फिल्टरच्या झाकणाला वळसा देईल इतकाच वाकवला. टोकांना जाड पट्टीच्या प्लेटा जोडल्या. वीज येईल तेव्हाच वेल्डिंग, बाकी वेळ कानस घासायची. दांडी बसवताना मी जॅक लावायला निघालो तर त्यानं हात धरला. "जॅकवर आवळायचं न्हाय. चारी चाकं भुईवर पायजेत, गाडीचं वझं जागच्या जागी बसलं पायजे, मग आवळायचं." हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मला पदविकेत कुणी शिकवलं नव्हतं.

वळणांवर गाडी घातली आणि मला हसूच फुटलं. हात जिकडे, गाडी तिकडे. काही भाग मनाचा असेल, पण सगळा नव्हता. परत येऊन मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तेव्हा त्यानं, नजर दांडीवरच ठेवून, एक गोष्ट बोलून दाखवली.

"कारखान्याला कायम वेल्डर घेणार हायेत म्हणं. चेअरमनसायबांच्या कानावर घातलं तर बरं हुईल. आई रोजगार हमीवर खडी फोडतीय. लई दिस झाले. तिचं हात बघवत न्हायत आता. येवढं एक झालं की तिला घरी बसवतो."

"झालंच समज," मी म्हणालो. "ही दांडीच दाखवतो त्यांना."

आणि मनापासून म्हणालो होतो. त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो, दांडीला काळा रंग दिला. रंग वाळल्यावर त्या साध्या काळ्या पाईपकडे बघत उभा राहिलो आणि मग खिशातला सोनेरी स्टिकर काढून बरोब्बर मधोमध चिकटवला. काळ्यावर सोनेरी उठून दिसतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. चार मित्रांसमोर बॉनेट उघडल्यावर हायवेच्या ताडपत्रीखाली बनलेली वस्तू दाखवायची मला लाज वाटणार होती. त्या लाजेची लाज वाटायला पुढे बराच वेळ लागला.

पंधरा दिवसांनी चेअरमन छावणी बघायला येरमाळ्याला येणार होते. त्यांची जीप वाटेत बंद पडली आणि ते माझ्या गाडीत बसले. छावणी कारखान्याचीच. दावणीला शेकडो जनावरं, उसाच्या वाढ्याचा वास, धूळ. एका कडेला कारखान्याचा टँकर गळत होता म्हणून वेल्डरला बोलावलेलं. तो टँकरशी उकिडवा बसून काम करत होता. मला बघून त्यानं मान हलवली. मीही हलवली. आज सांगतोच, असं त्या मान हलवण्यात होतं.

चेअरमन उतरता उतरता म्हणाले, "काय रे, वळणावर माझ्या पोटातलं पाणी हाललं न्हाय! काय केलंयस गाडीला?"

मी बॉनेट उघडलं. भोवती पाच-सहा संचालक जमले, वडीलही होते. चेअरमननी वाकून दांडीवर हात फिरवला, वेल्डिंगच्या टाक्यावरून बोट नेलं. माणूस स्वतः एके काळी मोटारी दुरुस्त केलेला, त्याला कळत होतं. "काम बघा," ते म्हणाले, "एका ओळीत टाका घातलाय. कुणी केलं हे?"

एका शब्दाचं काम होतं. वेल्डर पाच पावलांवर होता. त्यानं डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर घेतला होता आणि तो उठायच्या बेतात होता. गुडघ्यावर हात टेकला होता त्यानं. मी बोट दाखवायचं, बस.

तेवढ्यात एक संचालक स्टिकर वाचून म्हणाले, "पुण्याचं दिसतंय. तरीच!" आणि सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. वडिलांनीसुद्धा. वडील माझ्याकडे तसे फारसे बघत नसत.

"व्हय," मी म्हणालो. "पुण्याहून आणलीय. खास."

चेअरमननी मान डोलावली. "आपल्याकडं असला हात कुणाचा असता तर आजच्या आज कारखान्यात घेतला असता. आता वेल्डरसुद्धा तिकडनंच मागवावा लागणार." आणि मागे उभ्या असलेल्या कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. पुण्याला विचारणा करा."

मी टँकरकडे बघितलं. वेल्डरनं गुडघ्यावरचा हात काढला होता. चष्मा खाली ओढला आणि टाका घालायला लागला. ठिणग्या उडायला लागल्या तसे सगळे लांब सरकले.

त्या दिवशी माझ्या मनात जात आली नव्हती, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. मी पुष्कळदा तसं स्वतःला समजावलंही. पण तो आमच्या आळीतला, आमच्या भावकीतला असता तर मी बोट दाखवलं असतं का? दाखवलं असतं. मिरवून दाखवलं असतं. बौद्धवाड्यातल्या पोराच्या हातची वस्तू मी हौसेनं गाडीला लावली, हे त्या घोळक्यात कबूल करणं मला जड गेलं. पुणं हे वरचं निमित्त होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. वाटेत दहा सबबी तयार केल्या होत्या. तो टँकरच्या झाकणाला कडी जोडत होता. मी म्हणालो, "काल जरा गडबड झाली. मी सांगणारच होतो, पण..."

"काय झालं काल?" तो म्हणाला. "टाका घालताना आवाज असतोय. मला काय ऐकू आलं न्हाय."

त्यावेळी टाका घातला जात नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता कदाचित चेअरमनकडे जाऊन खरं बोललो असतो. त्यानं मला सुटायला वाट करून दिली आणि मी निमूट सुटलो. वडिलांशी बोलेन, पुढच्या आठवड्यात बोलेन, असं करत राहिलो. महिन्याभरात पुण्याचा वेल्डर कारखान्यात रुजू झाला. माणूस बरा होता, हात मात्र जड. त्याच सुमारास येरमाळ्याची ताडपत्री निघाली. माझा शाळासोबती पुण्याकडच्या कुठल्या कारखान्यात कंत्राटावर लागल्याचं कळलं.

मी ती दांडी काढून टाकली नाही. गाडी चांगली चालत होती ना.

उन्हाळ्याच्या शेवटाला येरमाळ्याच्या अलीकडे रोजगार हमीचं काम चालू होतं. रस्त्याकडेला खडीचे ढीग, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, हातोड्यांचा आवाज. मी गाडी हळू केली तर एक बाई हात वर करून पुढे आली. त्याची आई. शाळेत असताना मी तिला बघितलं होतं, आता ओळखायला क्षणभर लागला. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"थांबा की, दादा. लाल गाडी बघितली की म्या वळखते. माझ्या लेकानं ह्यात कायतरी घडवून बसवलंय म्हणं."

"व्हय, मावशी," मी म्हणालो. "कसा आहे तो?"

"बरा हाय. लांब हाय. खोलीवर हातानं करून खातंय." मग जरा संकोचून म्हणाली, "तवा लई खुशीत सांगत हुता. आई, असलं काम म्या आजपतूर केलं न्हाय म्हणला. मला बघू द्या की."

त्यानं तिला पुढचं काहीच सांगितलं नव्हतं. मी उतरलो आणि बॉनेट उघडलं. तिनं चिंध्या सोडून हात पदराला पुसला आणि मगच दांडीला लावला. चेअरमननी फिरवलं होतं तसंच तिनंही टाक्यावरून बोट फिरवलं. मग ते बोट सोनेरी स्टिकरवर येऊन थांबलं.

"हे काय लिव्हलंय? विहारात म्या वाचायला शिकले, पर मराठीच. हे इंग्रजी हाय." तिनं माझ्याकडे बघितलं. "त्याचं नाव घातलंय व्हय तुमी?"

मी म्हणालो, "व्हय."

तिचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. ती खडीच्या ढिगांकडे वळली आणि मोठ्यानं ओरडली, "अगं या गं इकडं! बघा माझ्या लेकाचं नाव, गाडीत घातलंय!"

हातोडे थांबले. एकेक बाई उठून पदर सावरत आली, वाकून बघून गेली. शेवटची बाई येऊन जाईपर्यंत मी बॉनेट हातानं धरून उभा होतो.