चहाची थकबाकी

आमच्या गावात म्हशीला 'बाई' म्हणणारा एकच माणूस होता. बाकीचे लोक तिला काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. डाक्टर मात्र गोठ्यात शिरले की आधी तिच्या कपाळावर हात ठेवत आणि विचारत, "काय बाई, काय व्हयनं तुले?" मालक मधेच सांगायला लागला की त्याच्यावर डोळे वटारत. "तू चूप बस रे. मी तिले इचारी ऱ्हायनू."

खरं तर ते पशुधन पर्यवेक्षक. पण रनाळ्याच्या आसपासच्या खेड्यांत हे नाव उच्चारण्याइतका वेळ कोणाला होता? ज्याच्या हाताने अडलेली गाय सुटते तो डाक्टर, एवढं आम्हाला पुरे होतं. अंगाने किडकिडीत, शर्टाची बाही कोपराच्या वर कायम दुमडलेली आणि जिभेला हाड नाही. म्हणायचे, "जनावर खोटं बोलत नही. मालकनी खात्री नही." आम्ही हसायचो. हे वाक्य एक दिवस आमच्याच घरावर येऊन आदळेल, असं कोणाला वाटलं होतं!

डाक्टर सस्पेंड झाले ते लाळ-खुरकतच्या लसीपायी. दोन दिवस वीज नव्हती, दवाखान्याचा फ्रीज बंद पडला आणि लस गरम झाली. दुसऱ्या दिवशी लसीकरणाचं शिबिर होतं, फोटो काढायला पाहुणे येणार होते. "टोचून टाका, कोणाला कळतंय," असं वरून सांगण्यात आलं. डाक्टरांनी सगळी लस खड्ड्यात ओतली आणि तसं लिहून कळवलं. मग परवानगीशिवाय सरकारी माल नष्ट केला म्हणून ते घरी बसले. घरी तरी कुठे? निलंबनातलं मुख्यालय शहाद्याला दिलेलं. तिथे जाऊन हजेरी लावायची, अर्ध्या पगाराएवढा निर्वाह भत्ता घ्यायचा, आणि दर महिन्याला लिहून द्यायचं की मी दुसरं काही काम करून कमावत नाही. मुलगी धुळ्याला शिकत होती. तिच्या फीसाठी त्यांनी आधी मोटरसायकल विकली, मग मेव्हण्यापुढे हात पसरला.

पण संध्याकाळी एसटीतून उतरले की फाट्यावर कोणीतरी उभंच असायचं. डाक्टर पिशवीसकट त्याच्या गोठ्यात. "सरकारनी माले सस्पेंड करेल शे, मन्हा हातले नही," असं म्हणायचे. पैसे घ्यायचे नाहीत, हे एक वेळ समजू शकतं. त्यांनी चहासुद्धा सोडला! आमच्या आईच्या हातच्या चहासाठी वाट वाकडी करून येणारा हा माणूस ओट्यावर बसून नुसतं पाणी प्यायचा. आईने फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, "वहिनी, मी लिखी देल शे, काही कमाई नही म्हनीसन. तुम्हना चहा बी कमाईच शे." आई त्या दिवशी चिडली, आणि नंतर आत जाऊन रडली.

आमचा बैल वाचला तो त्याच काळात. हिरवं जास्त खाऊन त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. डाक्टरांनी त्याच्या तोंडात आडवी काठी बांधली, तेल पाजलं आणि डावी कूस चोळत बसले. बैल उठला तेव्हा त्यांना स्वतःला उठता येईना. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिशात हात घातला तर डाक्टर चपला शोधायला लागले.

दोन वर्षांनी चौकशीत ते निर्दोष ठरले आणि पुन्हा कामावर आले. आता मधल्या काळाचा राहिलेला पगार मिळायचा होता आणि मेव्हण्याचं देणं फिटायचं होतं. तेवढ्यात कोणीतरी निनावी अर्ज केला की, हा माणूस सस्पेंड असताना पैसे घेऊन जनावरं तपासत होता. झालं! एक साहेब चौकशीला आले आणि चावडीवर बसून एकेकाला विचारू लागले.

आता आमच्या गावाचा स्वभाव सांगायला हवा. आम्ही उपाशी राहू, पण फुकट घेतलं असं चारचौघांत म्हणवून घेणार नाही. साहेबांनी आबांना विचारलं, "डॉक्टरांना पैसे दिले होते का?" आबांनी टोपी सरळ केली आणि ठेवणीतलं मराठी काढलं. "आम्ही काय फुकट काम करून घेणारे वाटलो का साहेब? भरपूर दिले!" त्यांचं पाहून पुढचे दोघेही तसंच म्हणाले. डाक्टर तिथेच खांबाला टेकून उभे होते. एका शब्दाने त्यांना आबांना खोटं पाडता आलं असतं. त्यांनी खाली मान घातली आणि गप्प राहिले. गावासमोर आबांची मान खाली जायला नको म्हणून. असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आबा ताठ मानेने घरी आले आणि जेवायला बसता बसता आईला सगळं सांगितलं. आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"दिधं? कव्हय दिधं?"

"अवो, तसं सांगनं पडस."

"तो मानूस दोन वरीस चहा काबर लेत नव्हता, माहीत शे का तुम्हले? आते तुम्हना एक बोलवर त्याना पगार जाई! वरथीन पोरनं शिक्षन!"

आबा तसेच उठले. ताटाला हातही लावला नाही. मी मागोमाग गेले. साहेबांची जीप अजून चावडीपुढेच होती आणि सगळी माणसंही तिथेच होती. आबांनी टोपी काढून हातात धरली. ठेवणीतलं मराठी आता आठवेना.

"साहेब, मी खोटं बोलनू. मन्हा बैल या मानूसनी फुकट वाचाडा. एक रुपया दिधा नही. त्यानी चहाना घोट बी लिधा नही."

 मग मघाचे ते दोघेही पुढे आले आणि खाली बघत तसंच म्हणाले. साहेबांनी आधीचे कागद बाजूला सारले आणि नव्याने लिहायला घेतलं.

काही महिन्यांनी आदेश आला. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरला होता. भत्ता वजा जाऊन पूर्ण पगार मिळणार होता. सोबत बदलीही होती, सातपुड्यात, पार मोलगीकडे. डाक्टर निरोप घ्यायला आले ते ओट्यावर न थांबता सरळ चुलीपाशीच जाऊन बसले.

"वहिनी, सरकार म्हनस, दोन वरीस मी ड्युटीवरच व्हतू. तुम्हना बैलले ते पहिलेच माहीत व्हतं. आते ठेवा चहा. दोन वरीसनी थकबाकी शे."

आईने पातेलं भरून चहा ठेवला. डाक्टर बशीमागून बशी पीत राहिले. आबांनी कोनाड्यातून नोटा काढल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या. "आते तरी ल्या. बैलनी फी."

डाक्टरांनी आबांची मूठ मिटवली आणि तशीच धरून ठेवली.

"आबा, मन्ही फी तुम्ही दिधी ना. चावडीवर, सगळा गावनासमोर."

 आईने पुन्हा पातेलं चुलीवर ठेवलं.